नंदीदुर्ग आणि आमचे रसिक पाहुणे

बंगळुरास बदलून आलेला मराठी सरकारी नोकर पहिल्या तीन महिन्यांत तीन कामे हमखास उरकतो. तो घर शोधतो, महाराष्ट्र मंडळाचा पत्ता काढतो आणि एका रविवारी भल्या पहाटे कुटुंबासह नंदीदुर्गावर जाऊन येतो. सोमवारी कचेरीत त्याचा निकाल तयार असतो: 'ठीक आहे हो, पण महाबळेश्वरची सर नाही!' पुढे त्याची बदली झाली, की हाच निकाल तो आपल्या जागी येणाऱ्या मराठी माणसाच्या हाती चार्जच्या कागदांबरोबर सुपूर्द करतो. आमची तक्रार या निकालाविरुद्ध आहे. तो चुकीचा आहे एवढ्याचसाठी नव्हे. तो निरुपद्रवी नाही, हे त्याहून महत्त्वाचे कारण आहे.

आमच्या मंडळींचे नंदीवरील आरोप मुख्यतः चार आहेत. हे महाबळेश्वर नव्हे. तेथे पाहण्यासारखे काही नाही. गर्दी असह्य आहे. आणि सोयी नाहीत. एकेक आरोप क्रमाने तपासून पाहू.

पहिला आरोप महाबळेश्वरचा. उंचीचाच प्रश्न असेल, तर महाबळेश्वरातील सर्वांत उंच ठिकाण जो विल्सन पॉइंट, तो १४३९ मीटरांवर आहे आणि नंदीचा माथा १४७८ मीटरांवर. म्हणजे ज्याला आमची मंडळी 'टेकडी' म्हणून हिणवतात, ती त्यांच्या गिरिशिखरापेक्षा चार बोटे वरच आहे. खरा भेद उंचीचा नसून जातकुळीचा आहे. महाबळेश्वर सह्याद्रीच्या कड्यावर बसले आहे. समुद्रावरून येणारे ढग त्याच्यावर आदळतात आणि पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस तेथे कोसळतो. नंदी उभी आहे ती कोरड्या पठारावर, उघड्या ग्रॅनाइटच्या एका प्रचंड खडकाच्या रूपाने. आणि ज्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात ती आहे, तेथे वर्षाला हजार मिलिमीटरही पाऊस पडत नाही. येथे दाट रान आणि स्ट्रॉबेरीचे मळे शोधणे म्हणजे मिसळीच्या तिखटाने बिसीबेळे भाताची परीक्षा घेणे होय. ज्याला दोन पदार्थ दोन जिभांनी चाखता येत नाहीत, त्याने परमुलखात परीक्षकाची खुर्ची अडवू नये.

दुसरा आरोप, पाहण्यासारखे काही नाही हा. थेट माथ्यावर मोटार नेऊन, धुक्यात उगवणाऱ्या सूर्याकडे पाठ करून स्वतःचीच छायाचित्रे काढून, तासाभरात उतरणाऱ्याला काय दिसणार? नंदी पाहण्याची रीत पायथ्यापासून सुरू होते. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे देवालय आहे. नवव्या शतकापासून नोळंब, चोळ, होयसळ आणि विजयनगर अशा एकामागून एक राजवटींचे हात त्याला लागले. त्याच्या आवारात अरुणाचलेश्वराचेही स्थान आहे आणि बाजूस पायऱ्यापायऱ्यांची विस्तीर्ण पुष्करिणी आहे. लोकश्रद्धा अशी, की अरुणाचलेश्वर हे शिवाचे बालरूप, भोगनंदीश्वर हे तारुण्याचे, आणि डोंगरमाथ्यावरचा योगनंदीश्वर हे विरक्तीचे. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण हीच मुळी एका आयुष्याची चढण आहे. आमचे पाहुणे भोग आणि योग दोन्ही टाळून वाहनतळावरून उपाहारगृहाकडे जातात, आणि वर म्हणतात की येथे काही नाही!

इतिहासाचेही तेच. हैदर आणि टिपू यांनी बळकट केलेला हा दुर्ग ऑक्टोबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतला. त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही म्हैसूरच्या मुलखात उतरल्या होत्या, ही गोष्ट 'टिपू ड्रॉप'च्या कड्यावर उभे राहून टिपूच्या क्रौर्याच्या कथा सांगणाऱ्या आमच्या बांधवांना ठाऊक नसते. पुढे कमिशनर मार्क कबन याने येथे उन्हाळ्यासाठी बंगला बांधला. १९२७ साली गांधीजी आजारातून उठल्यावर प्रकृती सुधारण्यासाठी काही आठवडे येथे राहिले आणि १९३६ मध्ये पुन्हा आले. १९८६ साली बंगळुरास सार्क राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा तिचे नेते याच माथ्यावर विसाव्यासाठी आले होते. ज्या जागी गांधीजींना आठवडे काढावेसे वाटले, ती जागा आमच्या वरिष्ठ लेखनिकांना पाऊण तासात पुरी होते, यात उणीव कोणाची?

तिसरा आरोप गर्दीचा. तो अक्षरशः खरा आहे. शनिवार-रविवारी पहाटे फाटक उघडण्यापूर्वीच घाटाखाली मोटारींची रांग लागते आणि पुष्कळांचा सूर्योदय पुढच्या गाडीच्या तांबड्या दिव्यांतच होतो. परंतु हा आरोप करणारा मनुष्य त्याच रांगेत, चौघांच्या मोटारीत, सुट्टीच्याच दिवशी उभा असतो. गर्दी म्हणजे नेहमी इतर लोक, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची समजूत दिसते.

आता चौथा आरोप, सोयींचा. आणि येथेच आमच्या मंडळींचा दुटप्पीपणा उघडा पडतो. गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय मराठी माणूस सहल कंपन्यांबरोबर आल्प्स पर्वतापर्यंत जाऊन पोहोचला आहे. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचे झरमॅट हे बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी जगप्रसिद्ध झालेले मोठे ठिकाण. तेथे पेट्रोलच्या मोटारीला मज्जाव आहे. पाहुण्याने आपली गाडी सुमारे पाच किलोमीटर खाली तेश या गावी सोडायची आणि आगगाडीने वर जायचे. तेथून परतलेला आमचा बांधव मंडळाच्या कार्यक्रमात छायाचित्रे दाखवताना भारावून सांगतो, 'काय ती शिस्त! गावात एक मोटार नाही!' तोच बांधव पुढच्या रविवारी नंदीच्या घाटात संतापतो, की वरपर्यंत गाडी नेऊन उभी करायला जागा का नाही! तेश गावी मोटार सोडणे ही संस्कृती, आणि नंदी गावात सोडायला सांगितले तर ती गैरसोय! बरे, यासाठी स्वित्झर्लंडचाच दाखला हवा असेही नाही. आमच्या माथेरानला खासगी मोटार दस्तुरी नाक्यापुढे जात नाही, आणि तरीही तेथे बिऱ्हाड घेऊन जाणारी मराठी कुटुंबे कधी कमी पडलेली नाहीत.

कोणी म्हणेल, चार पाहुण्यांनी नाके मुरडली म्हणून डोंगराचे काय बिघडते? वाचकहो, हा प्रश्न इतरांनी विचारला तर चालेल. सरकारी कचेरीत बसणाऱ्या आपण विचारू नये. तक्रारीचा अर्ज कसा होतो, अर्जाची टिप्पणी कशी होते आणि टिप्पणीच्या शेवटी 'लोकांची मागणी लक्षात घेता' हे शब्द कसे उमटतात, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक आहे? पाहुण्याचा अभिप्राय हवेत विरत नाही. त्याचे सिमेंट होते. वाहनतळ वाढतो, उपाहारगृह वाढते, रस्ता रुंद होतो. मार्च २०२३ मध्ये या डोंगरावर सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या रोपवेची पायाभरणी झाली. रोपवेला आमचा सरसकट विरोध नाही. तो मोटारींच्या ऐवजी असेल, तर त्याचे स्वागत करू. तो मोटारींच्या जोडीला असेल, तर माथ्यावर आणखी काही हजार माणसे ओतण्याचे ते एक यंत्र ठरेल. यांपैकी काय व्हायचे, हे पाहुणे काय मागतात यावरही अवलंबून आहे.

आणि डोंगराची सहनशक्ती अमर्याद नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये एका रात्रीच्या अतिवृष्टीने दरड कोसळून घाटाचा रस्ता तुटला आणि काही महिने वर जाणे बंद राहिले. याच डोंगररांगेत अर्कावती उगम पावते. पालार आणि दोन्ही पेन्नार यांचे उगमही याच परिसरातले. अर्कावतीच्या पाण्यावर १८९४ साली हेसरघट्ट्याची योजना झाली, पुढे १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण उभे राहिले, आणि बंगळूर शहर पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी प्याले. आज त्या नदीचे पात्र बव्हंशी कोरडे आहे. जिच्या उगमावर आपण न्याहारीची वेष्टने टाकून येतो, ती नदी आपल्याच नळाची पूर्वज होती, एवढी जाणीव तरी या शहरात भाड्याने राहणाऱ्याला असावी.

'आम्ही येथले नव्हेत, तीन वर्षांचे पाहुणे आहोत,' हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर १६३८ साली मिळाली. या शहराशी मराठी माणसाचा संबंध आजचा नाही. आणि पाहुणाच म्हणवायचे, तर आपल्याकडे पाहुण्याचेही काही धर्म सांगितले आहेत. यजमानाच्या ताटातील मीठ मोजत बसणे हा त्यांपैकी नव्हे. वृद्धांचे आणि लहानग्यांचे काय, असाही आक्षेप येईल. त्यांच्यासाठी पायथ्यापासून वारंवार सुटणाऱ्या बसगाड्या मागाव्यात. त्या मागणीखाली आम्ही आनंदाने सही करू. आमच्या मते अर्ज करण्याजोगी मागणी ती, वाहनतळाची नव्हे.

म्हणून नव्याने बदलून येणाऱ्या बांधवांना आमचे सांगणे एवढेच. रविवार सोडून एखादी किरकोळ रजा नंदीसाठी खर्च करा. आधी भोगनंदीश्वराच्या पुष्करिणीपाशी अर्धा तास बसा. पायऱ्यांची जुनी वाट खुली असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर तिने वर जा. नसेल तर बसने जा. वर काय दिसले ते मग खुशाल सांगा, वाईट वाटले तर वाईटही सांगा. मात्र तोवर महाबळेश्वरचे नाव तोंडातून काढू नका.