'फ्यू' म्हणजे थोडे. पण थोडेच, की थोडे तरी?



शब्दार्थांच्या वहीत 'फ्यू'समोर 'थोडे' लिहिलेलं असतं आणि 'अ फ्यू'समोरही 'थोडे'च. मग एखादं मूल विचारतं, "अ म्हणजे एक ना? मग इथं एक कुठून आला?" आपण सांगतो, "पहिला नकारार्थी, दुसरा होकारार्थी. पाठ कर." मूल पाठ करतं आणि परीक्षा संपली की विसरतं.

माझं स्पष्ट मत आहे, हा नियम पाठ करून घेऊच नये. हा फरक मुलांच्या तोंडी आधीपासून आहे.

आपल्या जिल्ह्यातला सारस घ्या. राज्यात तो मुख्यतः गोंदियातच उरलाय, तोही मोजकाच. 'देअर आर फ्यू सारस क्रेन्स' म्हणजे 'सारस थोडेच आहेत'. बोलणाऱ्याला काळजी वाटतेय. 'देअर आर अ फ्यू सारस क्रेन्स' म्हणजे 'थोडे तरी सारस आहेत'. बोलणाऱ्याला आशा आहे. पक्षी तेवढेच, बोलणाऱ्याची नजर बदलली. इंग्रजीत एकटा 'अ' जे काम करतो, ते मराठीत 'च' आणि 'तरी' करतात.

'क्वाइट अ फ्यू' म्हणजे तर चक्क 'बरेच'! इथं मुलं हमखास गोंधळतात. पण आपणही म्हणतोच ना, "आपल्याकडे तलाव काही कमी नाहीत"?

मोजता येईल तिथं 'फ्यू', पाण्यासारख्या गोष्टीला 'लिटल'. 'लिटल वॉटर' म्हणजे तलावात पाणी थोडंच आहे. 'अ लिटल वॉटर' म्हणजे रोवणीपुरतं थोडं तरी आहे. धान पिकवणाऱ्या घरातल्या पोराला हा फरक शिकवावा लागत नाही.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं म्हणजे गुन्हा, असं आजही काहींना वाटतं. मला ते पटत नाही. आपल्या वर्गात झाडीबोली, पोवारी, गोंडी बोलणारी मुलं बसतात. आधी विचारा, "तुमच्या घरी 'थोडेच' आणि 'थोडे तरी' कसं म्हणतात?" मगच फळ्यावर इंग्रजी लिहा. नाहीतर आपली बोली म्हणजे इंग्रजीच्या वाटेतली अडचण, असं मुलाच्या मनात बसतं.

पालकहो, इंग्रजी येत नसलं तरी चालेल. स्वयंपाक करताना एवढंच विचारा, "कांदे थोडेच आहेत की थोडे तरी आहेत?" उत्तर आलं की म्हणा, "आता हेच इंग्रजीत सांग."