वसुलीची चाल

पत्त्यांत पैसे घालवून बसलेल्या गृहस्थाला विचारा, तो नशिबाची गाऱ्हाणी सांगेल. आपल्या तीन गुलामांवर समोरच्याने चार नव्व्या कशा टाकल्या, ही कथा तो दहादा ऐकवील. पण जे डाव तो जिंकला त्यांत त्याच्या पदरात किती पडले, हे त्याला आठवत नाही. आणि गोम तिथेच असते.

न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या ऑनलाइन पोकरचा हिशेब दाखवला, तेव्हा हेच दिसले. (तिकडे हा खेळ २०१३ पासून कायदेशीर आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई झाली. तेव्हा वाचकांनी याला आमंत्रण समजू नये.) टेबल एक-दोन सेंटांचे, म्हणजे चहाच्या पैशांचा खेळ. वाईट पानांवर त्याने फारसे गमावले नव्हते. चांगल्या पानांवर मात्र स्वारी गप्प बसली होती!

इंग्रजीत ज्याला ‘व्हॅल्यू बेट’ म्हणतात, त्याला ‘मूल्य’ हा शब्द फारच सोवळा वाटतो. अरबीतून आलेला आपला ‘वसूल’ बरा. हलकी पाने असलेल्याने पैसे भरून आपल्यासमोर टिकावे, म्हणून लावलेली रक्कम ती वसुलीची चाल. त्याने घाबरून पाने टाकावीत म्हणून लावलेली, ती थाप. लहान टेबलांवरची मंडळी पाने टाकायला तयारच नसतात. कुतूहलापोटी पैसे भरतात. अशांना थाप मारणे व्यर्थ. त्यांच्याकडून वसुली मात्र उत्तम होते.

त्याचाच एक डाव घ्या. हाती बदाम एक्का आणि किलवर राणी. टेबलावर इस्पिक राणी, बदाम सत्ती, चौकट तिर्री, किलवर अठ्ठी, बदाम दुर्री. मध्ये ४० सेंट. समोरच्याने ‘चेक’ म्हटले. यानेही चेक केले आणि समोरच्याच्या राजा-राणीवर ते ४० सेंट उचलले. “का रे?” म्हणून विचारले, तर म्हणतो, “सर, डाव हातचा जाईल अशी भीती वाटली.” अरे, पाचही पाने उघडी झाली, बोलायची पाळी शेवटी तुझी, गप्प बसल्याने तुझी राणी थोडीच मोठी होणार होती?

प्रश्न एवढाच, की पैसे भरून पाने पाहणाऱ्यांत आपल्याहून हलके किती? अशा जागी ते निम्म्यांहून अधिक असले, की चाल फायद्याची. डेव्हिड स्क्लान्स्कीच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या ग्रंथातही हेच गणित आहे. समजा ३० सेंट लावले आणि दहांपैकी सात जण हलक्या पानांवर भरतात, तीन भारी पानांवर. सातांचे २१० आले, तिघांना ९० गेले. दहा डावांत १२० सेंटांचा लाभ. ज्याने पानेच टाकली, त्याचे ४० तर आपलेच. तेच मंडळी १० सेंटांनाही भरणार असतील, तर लाभ ४० वरच थांबला. राणीची जोडी धरून बसलेला माणूस १० काय नि ३० काय, पाहिल्याशिवाय उठत नाही. मग १० मागण्याचा भिडस्तपणा कशाला? शिवाय टेबल चालवणारी कंपनी मोठ्या झालेल्या बहुतेक डावांतून आपला कट काढून घेते. लहान खेळात तो जाचतो आणि जिंकलेल्या डावांतूनच भरून काढावा लागतो.

मात्र एक पथ्य. रात्रभर नुसते पैसे भरत आलेला निरुपद्रवी गडी शेवटच्या पानावर एकाएकी आपल्या ३० चे ९० करतो, तेव्हा एक्का-राणी असली तरी निमूटपणे खाली ठेवावी. असा माणूस सहसा थाप मारत नाही. आमच्या विद्यार्थ्याने नेमके तिथेच दोनदा कुतूहलाने पैसे भरले होते.