जुनी एक्स-रे फिल्म जपून ठेवा

रोहिणखेडसारख्या गावात बरा न होणारा खोकला प्रथम वैद्याकडे किंवा औषध दुकानात येतो. पुढे एक्स-रेमध्ये फुफ्फुसात डाग दिसला की क्षय गृहीत धरून औषधे सुरू होतात. गुण येत नाही असे दिसल्यावरच कर्करोगाची शंका येते, पण तोवर काही महिने गेलेले असतात. उलट, ‘गाठ’ हा शब्द ऐकताच जमीन विकायला निघणारेही आढळतात.

केवळ लक्षणांवरून हा भेद होत नाही. चरकोक्त राजयक्ष्म्यातील कास, ज्वर, पार्श्वशूल, स्वरभेद, रक्तष्ठीवन ही लक्षणे फुफ्फुसाच्या कर्करोगातही असतात. येथे प्रतिमेचे साहाय्य घ्यावेच लागते, आणि त्यात सर्वांत स्वस्त पुरावा म्हणजे रुग्णाच्या घरची जुनी फिल्म, असे माझे स्पष्ट मत आहे. घन स्वरूपाची लहान गाठ दोन वर्षे जशीच्या तशी राहिली असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी असते. कर्करोगाच्या गाठीचे घनफळ सामान्यतः एक महिना ते 400 दिवसांत दुप्पट होते. मात्र घनफळ दुप्पट झाले तरी 10 मि.मी.ची गाठ जेमतेम साडेबारा मि.मी. दिसते. एवढा फरक साध्या एक्स-रेत निसटतो, म्हणून सी.टी. स्कॅनचा आग्रह धरावा. खेदाची गोष्ट ही की, आपल्याकडे जुन्या फिल्मा ग्रहण पाहण्यासाठी वापरल्या जातात (तेही डोळ्यांस घातकच!).

सी.टी.मध्ये गाठीच्या मध्यभागी किंवा सर्वत्र चुना साचलेला असणे, अथवा आत मेद आढळणे, ही सौम्यतेची चिन्हे होत. काटेरी कडा संशयास्पद. तथापि क्षयाचा जुना व्रणही तशा कडा दाखवू शकतो. पेट स्कॅनला तर अंतिम निवाडा मानूच नये. क्षयाची सक्रिय गाठही त्यात कर्करोगासारखीच उजळते. क्षय मुबलक असलेल्या आपल्या प्रदेशात शंका उरल्यास सुईने तुकडा काढून तपासणे हाच मार्ग. थुंकीत क्षयजंतू सापडले तरी औषधाने न घटणारी सावली पुन्हा तपासावी, कारण दोन्ही व्याधी एकत्र असू शकतात.

औषध विक्रेत्या बंधूंनी खोकल्याची बाटली वारंवार नेणाऱ्या गिऱ्हाइकास थुंकीच्या तपासणीस धाडावे. क्षयाची औषधे नेणाऱ्यांची नोंद कळविणे तर 2018 पासून त्यांनाही बंधनकारक आहे. आणि रुग्ण मोठ्या रुग्णालयात जाताना सोबत मूळ फिल्म व सी.टी.ची सीडी द्यावी. मोबाईलवर टिपलेल्या छायाचित्रावरून गाठ मोजता येत नाही.