चूक-दुरुस्तीची तारीख

वृत्तपत्रात एखादे नाव चुकले, तर दुसऱ्या दिवशी चूक-दुरुस्ती छापावी लागते. संपादकाला ती सुखाची नसते. परंतु चुकलेला अंक ग्रंथालयात राहतो, दुरुस्तीचाही राहतो आणि दोहोंवर तारीख असते. आज लहानथोर ज्यांना प्रश्न विचारू लागले आहेत, त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रारूपांत अशी सोय नाही.

या प्रारूपांच्या पोटात पाने नसतात. अफाट मजकुरातून ग्रहण केलेले ज्ञान कोट्यवधी अंकांत विखुरलेले असते. 2022 साली अमेरिकेतील संशोधकांनी त्यांतील नेमक्या जागेच्या अंकांत फेरफार करून आयफेल टॉवर रोमला नेऊन ठेवला! प्रश्न फिरवून विचारला तरी यंत्र रोमच म्हणे. हेतू दुरुस्तीचे साधन शोधण्याचा होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु 2023 मध्ये एका फ्रेंच कंपनीने, धोका दाखविण्यासाठीच, याच रीतीने सुमारे 600 कोटी अंकांचे प्रारूप असे बदलले की, चंद्रावर प्रथम कोण उतरला या प्रश्नाला ते युरी गागारिन असे उत्तर देऊ लागले. इतर उत्तरे जवळजवळ पूर्ववत. मूळ प्रत हाताशी नसेल, तर हा फेरफार ओळखणार कोण? बरे, खरी दुरुस्तीही पुरती होत नाही. एक नोंद बदलली तरी तीवर अवलंबून असलेल्या नोंदी पुष्कळदा जुन्याच राहतात. पंतप्रधान नवे, पत्नी मात्र जुन्या पंतप्रधानांची!

हे हसण्यावारी नेता येईल. पण गोमंतकीयांनी तरी नेऊ नये. 19 डिसेंबर 1961 या दिवसाला आम्ही मुक्तिदिन म्हणतो. तत्कालीन लिस्बनने त्यालाच आक्रमण म्हटले. दोन्ही शब्द जगाच्या मजकुरात आहेत. यंत्राने आमच्या नातवंडांना त्यांतला कोणता सांगावा, हे दूरदेशीच्या एखाद्या दालनात, कोणासही न कळता, बदलता येते. सालाझारशाहीत छापावयाचा मजकूर सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. त्या पेन्सिलीचा आम्हांस तिटकारा होता; तरी तिची रेघ कागदावर दिसे आणि ती कोणी ओढली हेही ठाऊक असे.

यंत्रांना आमचा विरोध नाही. मात्र शाळांसाठी सार्वजनिक पैशाने असे प्रारूप घेण्यापूर्वी शासनाने विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: प्रत्येक फेरफाराची तारीखवार, सर्वांना पाहता येईल अशी नोंद, आणि फेरफारापूर्वीची प्रत जतन करण्याची हमी. विक्रेता नकार देईल, तर तो नकारही लेखीच घ्यावा.