काळ्या पाण्यावर चार रात्री

फोटो एकच टाकला होता. मी कमरेइतक्या पाण्यात, मागं नारळीची झाडं. तेवढ्यावरून आपल्याच तीन कार्यकर्त्यांनी मला तासून काढलं. पहिला म्हणला, चळवळ सोडून रिसॉर्टला? दुसरा म्हणला, हिकडं लातुरात बाया घागरी घेऊन रांगेत अन् तू समुद्रात पोहायलास? तिसरा काही बोललाच नाही, नुसतं लिहिलं : झाला साहेब. उत्तर इथं देतोय, कारण हा सवाल माझ्या एकट्याचा नाही. आपल्यातल्या पहिल्या पगाराच्या प्रत्येक पोरापोरीचा तो आहे.

आधी हिशोब घ्या. लातूरहून हैदराबादला एसटी, तिथनं चेन्नई, चेन्नईहून विमान, मग सरकारी बोट. बेट हॅवलॉक, २०१८ पासून सरकारी कागदावर स्वराज द्वीप. बांबूची झोपडी, आत एसी, सकाळचा नाष्टा धरून रात्रीला साडेचार हजार. म्हणजे अंबानीचं नाही अन् धर्मशाळाही नाही. दोघं नवरा-बायको, चार रात्री, अठरा हजार. बायकोनं दोन वर्षं भिशी लावली होती. कुणाच्या बापाचं खाल्लं नाही.

आता मुद्द्यावर येतो. आराम कुणाच्या सातबाऱ्यावर लिहून ठेवलाय? महारकीला घड्याळ नव्हतं. मध्यरात्री पाटलाचा सांगावा आला की उठायचं, टपाल घेऊन दुसऱ्या गावाला पळायचं, येताना मेलेलं ढोर ओढायचं. आजा म्हणायचा, आम्हाला सुट्टी एकच, तिरडीवरची. वतनाचा हा फास सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. पुढं १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराला वर्षाच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी रजा देणारा कायदा झाला १९४५ साली, त्यांच्याच खात्यातून. पुढच्याच वर्षी बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. पगारी रजा हा शब्द ह्या देशातल्या कामगाराच्या तोंडी सहज बसला, त्यामागं आपल्या बापाची सही आहे. अन् त्या रजेवर गेलो म्हणून मीच गुन्हेगार? त्यागाचं हे सोवळं कुठनं आणलं रे? हे मठातलं आहे. आपल्यातल्या कुणी जन्मभर सतरंज्या उचलाव्यात, कधी वाळूवर पडून आभाळ बघू नये, असं वाटणारे अजून बरेच आहेत. त्यांच्या रांगेत तुम्ही कशाला उभे राहता?

पण नुसता हक्क सांगून उठलो तर ते अर्धं होईल. कारण रिसॉर्टमध्ये शिरताना पहिली गोष्ट मागतात आधार कार्ड, अन् आधारवर आडनाव असतं. काउंटरवरच्या पोरानं ते टिपून घेतलं अन् किल्ली दिली. त्याला आडनावाशी काही घेणंदेणं नव्हतं. घेणं होतं शेजारच्या टेबलावरच्या पुणेरी ग्रुपला. लातूर का? छान छान. लातूर पॅटर्न! आडनाव काय म्हणालात? सांगितलं. मग जी चमच्याची शांतता पसरते ती तुम्हाला ठाऊक आहे. थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, पण तुम्ही वाटत नाही हं. शेकडो मैल समुद्र ओलांडून आलं तरी ही काकू आपल्या आधी पोचलेली असते.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा नव्हती. पारशांच्या विश्रामगृहात दिवसाला दीड रुपयानं राहिले, तेही रजिस्टरात खोटं पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. परदेशात शिकून आलेला हा माणूस मग कामाठी बागेत झाडाखाली बसून राहिला, रात्रीची मुंबईची गाडी सुटेपर्यंत. अन् १९३४ ची गोष्ट तर आपल्या मराठवाड्यातलीच. तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन ते वेरूळ बघायला निघाले. सहलच की ती! वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्यानं धुळीचे हातपाय धुतले, तर हौद बाटला म्हणून गर्दी अंगावर धावून आली. शेवटी किल्ला बघायला सोडलं ते हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, आत कुठं पाण्याला शिवू नयेत म्हणून. आपल्या लोकांचं पर्यटन ते. महाडच्या तळ्यानंतर सात वर्षांनीचं.

म्हणून मी स्वतःचं आडनाव ठासून लिहिलं अन् समुद्रात उतरलो. चैन होती, हो. तीही होतीच. बायको पहिल्यांदाच पाण्यात उतरत होती, घट्ट दंड धरून. अर्ध्या तासानं दंड सोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली. बाहेर एक बाई वाळूवरची पानं, शहाळी, बाटल्या गोळा करत होती. पाव्हणे उठायच्या आत किनारा 'निसर्गरम्य' व्हावा लागतो. पाऊण तास तिच्याशी मोडक्या हिंदीत बोललो. ती बंगाली. तिचा सासरा १९५० नंतर बोटीनं आला, पूर्व बंगालचा निर्वासित. जात विचारली नाही, तिनंच सांगितली : नमःशूद्र.

दोस्तहो, हा शब्द ऐकून तुमच्या अंगावर काटा येत नसेल तर आपलं वाचन कमी पडलंय. बाबासाहेबांना मुंबईतून घटना समितीत जायची वाट बंद केली होती, तेव्हा १९४६ साली बंगालमधून त्यांना निवडून पाठवण्यासाठी धडपडले ते जोगेंद्रनाथ मंडल अन् त्यांचे हे लोक. फाळणीनं त्यांचंच गाव परक्या देशात टाकलं. मग सरकारनं त्यांना कुठं दंडकारण्यात, कुठं अंदमानात नेऊन ओतलं. हॅवलॉकवरचं जंगल तोडून भात अन् सुपारी लावली ती त्यांनी. आज त्यांच्यातली एक बाई पहाटे माझी शहाळी उचलते.

अंदमानातले निदान जगले. दंडकारण्यातले १९७८ साली उठून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेले. स्वतःच्या हातानं बांध घातले, शाळा काढली, होड्या बांधल्या. डाव्या सरकारनं म्हटलं, हे राखीव जंगल आहे. जानेवारी १९७९ मध्ये पोलिसांनी बेटाला वेढा घातला, अन्न-पाणी तोडलं, ३१ तारखेला गोळीबार केला. मे महिन्यात झोपड्या जाळून उरलेले हाकलले. किती मेले त्याचा आकडा अजून वादात आहे. जुलै १९७८ मध्ये नामांतराचा ठराव झाला म्हणून आपल्या वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेला मारलं. त्यानंतर सहाच महिन्यांत हे. आपण आपल्या राखेत इतके गुंतलेलो की त्या बेटाचा धूर दिसला नाही. मला तरी मरीचझापीचं नाव आपल्या एकाही शिबिरात ऐकल्याचं आठवत नाही. आराम करायला आम्ही बेटावर गेलो की साडेचार हजार, राहायला गेलो की गोळी.

टूरवाले हे दाखवत नाहीत. ते सेल्युलर जेल दाखवतात, सावरकरांची कोठडी दाखवतात, १९११ ते २१ ची. ग्रुप रडतो, फोटो काढतो, नारळपाणी पितो. बघा की, जेल बघू नये असं नाही. पण १९१८ पासून छोटा नागपुरातून जंगलतोडीला आणलेले आदिवासी, ज्यांना तिथं नुसतं 'रांची' म्हणतात अन् अंदमानात आजही अनुसूचित जमातीचा दाखला देत नाहीत, ते कुठल्या पॅकेजात? इंग्रजांनी गुन्हेगार जमात म्हणून नेऊन टाकलेले भांतू, आपल्या पारध्यांचे भाऊबंद, ते कुठल्या दिवशी? जारवांच्या राखीव जंगलातून मात्र गाड्यांची रांग जाते. त्यांना बिस्किटं दाखवून नाचवल्याचा व्हिडिओ २०१२ साली जगभर फिरला. माणसाचा सफारी पार्क केला होता साल्यांनी. आम्ही त्या रस्त्यावर गेलो नाही.

आता घागरीवाल्या दोस्ताला. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या रांगेत माझी आई होती, मला शिकवू नको. पण लातूरचं पाणी मी समुद्रात उतरल्यानं आटलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा उसाला पाणी कुणी दिलं, कारखाने कुणाचे, हे विचार. तिकडं बेटावरही उन्हाळ्यात नळाची ओढाताण असते अन् रिसॉर्टच्या टाक्या भरलेल्या असतात. सवाल तोच. मी फक्त दोन टोकांनी बघून आलोय.

त्या बाईला विचारलं, रजा किती? ती हसली. हंगामात नाही, पावसाळ्यात कामच नाही. पगारी? तिला शब्दच कळला नाही. परत आल्यावर आपल्या गल्लीतल्या कंत्राटी सफाईच्या बायांना हाच सवाल केला. उत्तर तेच, फक्त हसल्या नाहीत. खाडा केला की हजेरी गेली.

तर ठरलंय असं : बारा जणींची भिशी सुरू झालीय. येत्या जानेवारीत मालवणला, तारकर्लीच्या किनाऱ्यावर, दोन रात्री. त्यातल्या नऊ जणींनी आजवर समुद्र बघितलेला नाही. ठेकेदाराकडं तीन दिवसांच्या पगारी रजेचा अर्ज बारा अंगठ्या-सह्यांनी जाणार आहे. तो नाही म्हणणार, हे धरूनच चाललोय. तेव्हा गांधी चौकात बसायला माणसं लागतील. मला तासणारे तिघं त्या दिवशी मोकळे आहेत का, तेवढं कळवावं.

जयभीम.