नाव ठेवायचे, तर आधी विचारा

वर्गातल्या मुलाला टोपणनाव पडते ते काही सभा भरवून नव्हे. ते पडते आणि चिकटते. संगणकाच्या पडद्यावरील बटणांचे तसे नसते. तिथे प्रत्येक सोयीला कुणीतरी टेबलाशी बसून नाव देतो, आणि माझी तक्रार नेमकी त्या टेबलाविषयी आहे.

अमेरिकेतील ॲपल कंपनीत १९८१ च्या सुमारास 'लिसा' हा संगणक घडत होता. तो १९८३ मध्ये बाजारात आला. पडद्यावरील चौकटीत दोन बटणे असत : 'कॅन्सल', म्हणजे रद्द कर, आणि 'डू इट', म्हणजे कर. लॅरी टेस्लर हे नवख्या माणसांना यंत्रापुढे बसवीत आणि ते कुठे अडतात हे पाहत. लोक या चौकटीपाशी अडखळून 'कॅन्सल' दाबू लागले. एक गृहस्थ तर चिडलेच! विचारल्यावर उलगडा झाला. त्या वळणात इंग्रजीतील मोठा 'आय' आणि छोटा 'एल' सारखेच दिसत; दोन शब्दांमधील जागाही अपुरी होती. गृहस्थांनी वाचले 'डोल्ट', म्हणजे ठोंब्या. मग तिथे 'ओके' आले. गंमत अशी, की हाच शब्द फार बोलीतला म्हणून आधी बाजूला ठेवला होता.

ही चूक टेबलाशी बसून कधीच सापडली नसती. ज्याने नाव दिले त्याला ते आधीच ठाऊक असते ना!

तुम्ही म्हणाल, मग एखाद्याला विचारले की झाले. तसे नाही. फर्नास, लँडॉर, गोमेझ आणि ड्यूमे या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले, की दोन माणसे एकाच गोष्टीला आपल्या मनाने एकच शब्द देण्याची शक्यता पाचात एकाहूनही कमी असते. म्हणून पुष्कळांना विचारावे लागते; आणि एका सोयीपर्यंत अनेक शब्दांनी पोचता यावे, असा त्यांचा सल्ला होता.

प्रश्नही नीट हवा. 'कोणते नाव आवडले?' असे विचारू नये. माणसे भारदस्त शब्द निवडतात आणि वापरताना गोंधळतात. 'हे बटण दाबले तर काय होईल?' असे विचारावे.

मराठी पडद्यांवर कुठे 'सेव्ह करा' दिसते, तर कुठे 'जतन करा'. शब्द कळला नाही, तर आजीला वाटते आपलीच अक्कल कमी. ती 'राहू दे बाबा' म्हणून फोन खाली ठेवते. दोष नावाचा, आणि ठोंब्या ठरते ती!

गुरुजनांनो, हा प्रयोग शाळेत सहज होईल. निम्म्या लोकांना एका शब्दाचे कार्ड दाखवा, उरलेल्यांना दुसऱ्याचे. दोन्ही गटांत लहानथोर सारखे असू द्या. काय होईल असे वाटते, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मधे सुचवू नका. माझा स्वतःचा कौल 'जतन'कडे आहे, कारण घरातले जुने दागिने आपण जतनच करतो. पण तो धरू नका. दहा-वीस आजी-आजोबांची उत्तरे हाती आली, की मग पाहू.