आघातोत्तर म्हणे!

जून २०२०. लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि सारा देश आमच्या बुलढाणा जिल्ह्याकडं बघायला लागला. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले, नागपूरच्या नीरीत गेले. हायकोर्टानं दखल घेतली. खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव निघाले म्हणे. बरं झालं, पाण्याचं निदान झालं.

आमच्या माणसांच्या झोपेचं निदान कोण करणार?

माझा चुलतभाऊ एका नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात ज्या मढ्यांना सख्खी लेकरं शिवली नाहीत, ती यानं उचलली. लाट गेली. थाळ्या वाजवणारे आपापल्या धंद्याला लागले. हा मात्र अजून रात्री दचकून उठतो. प्लास्टिक वाजलं की घामाघूम होतो. मसणवटीची वाट टाळतो. म्हणतो, "भाऊ, मढे जयाले, पण मह्या डोयातून नाई गेले."

हा एकटा नाही. पायी चालत घरी आलेले मजूर आहेत, दारोदार फिरून शिव्या खाल्लेल्या आशाताई आहेत.

पुस्तकात याला नाव आहे, आघातोत्तर तणाव. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८० साली हा आजार आपल्या यादीत घातला. सैनिक घरी आला, युद्ध मागं राहिलं, म्हणून 'उत्तर'. दोस्तहो, आमचं युद्ध कधी मागं राहिलं? माझा भाऊ दुसऱ्या दिवशी त्याच गटारावर, त्याच कंत्राटावर. 'अंतर ठेवा' हे तुम्हाला २०२० मध्ये कळलं. आमच्या आज्यानं ते गावच्या आडापाशी जन्मभर ऐकलं. तुमचं अंतर लस आल्यावर मिटलं. आमच्यावर लस कुठंय?

वरचे म्हणतात, यांना सवय असते. साफ खोटं! सवय हातांना होते, काळजाला नाही. पण आपलेही काही कमी नाहीत. कोणी म्हणतं बाहेरचं लागलं, मांत्रिकाकडं न्या. कोणी म्हणतं, भीमाचा वाघ असा रडतो का? रडतो! वाघालाही जखम होते. ती लपवून आत सडू देणं ही मर्दुमकी नाही. आणि दारूत बुडवली की ती पोहायला शिकते, हे मी घरात बघतोय.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. सरकारी खर्चानं मनाचा इलाज मिळणं हा हक्क आहे, असं त्यात लिहिलंय. १४४१६ हा फोन नंबरही २०२२ पासून आहे. लावा. पण ज्याला आपल्या दुखण्याचं नावच ठाऊक नाही, तो फोनवर काय सांगणार? म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात आमची बोली समजणारा माणूस बसवा. मढी उचलणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करा, त्या दिवसाची मजुरी न कापता.

भीक नाही, हक्क मागतोय. तळ्याचं पाणी पुण्याला जाऊ शकतं, तर मनाचा डॉक्टर आमच्या वस्तीपर्यंत येऊ शकतो.

जयभीम.